लोकांची लग्नं आणि आमचं खोकं

"मॅडम, सिनेमे किती आहेत तुमच्याकडं?" कॉम्प्युटरच्या दुकानदारानं विचारलं.

घरच्या टीव्हीवर हवं तेव्हा लावता येईल असा व्हिडिओंचा मोठा साठा करायचाय, त्यासाठी कुठलं खोकं आणि कुठल्या हार्ड डिस्क घ्याव्यात, एवढंच मी त्याला विचारलं होतं.

"सिनेमे नाहीत. लग्नं आहेत."

"कुणाची?"

"लोकांची."

तो आधी हसला, मग मी हसत नाही हे बघून हसायचा थांबला. "लोकांची लग्नं तुम्ही कशाला सांभाळताय?" असं त्यानं विचारलंच. त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. उत्तर आलं नाही की मी चिडते, ही माझी जुनी खोड. "तुम्ही डिस्क दाखवा हो," मी म्हटलं. त्यानं दाखवल्या. खिशात मावेल अशी एक, विटेएवढी एक, आणि काचेच्या कपाटात ठेवलेलं चार खणांचं काळं खोकं. खणाखणात एकेक डिस्क बसते, सगळं मिळून एकच साठा होतो आणि घरातल्या वायफायवरनं टीव्हीला दिसतो, असं त्यानं समजावलं. मी तिन्ही वस्तू हातात घेऊन बघितल्या आणि काही न घेता घरी आले. गाजराची पुंगी असती तर वाजली तर वाजली म्हणून घेतली असती. इथं मला पुंगीही कळत नव्हती आणि गाजरही.

लग्नं आमच्याकडं आली त्याचं कारण असं, की माझे वडील लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांना मी अप्पा म्हणते. भवानी पेठेत यंत्रमागाच्या एका शेडला लागून आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, पुढं खुर्ची, मागं पडदा आणि पडद्यामागं मिक्सिंगची मशिनं. दिवसभर शेजारी मागांचा खडखडाट आणि लग्नसराईत रोज बँड, अशात अप्पांची चाळीस वर्षं गेली. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि अविवाहित राहिले. कुणी कारण विचारलं तर सांगते, लहानपणापासून एवढी लग्नं बघितली की हौस फिटली. लोकांना ते पटतं.

आई अप्पांच्या धंद्यात लाईट धरायची. त्या काळी कॅमेऱ्याला उजेड लागायचा, म्हणून एक माणूस हॅलोजनचा दिवा हातात उंच धरून कॅमेऱ्याबरोबर फिरायचा. अप्पांनी ठेवलेली लाईटवाली पोरं ऐन मुहूर्ताला दांडी मारायची. एकदा वैतागून ते आईला घेऊन गेले, आणि त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की बाई बरोबर असली की नवरीच्या खोलीचं दार उघडतं. हळद, चुडा, नवरीची रडारड, सगळं मिळायला लागलं. मग आईच कायमची लाईटला. भवानी पेठेतली विणकर घरं तेलुगू बोलणारी, तर ती तेवढ्यापुरतं तेलुगू शिकली. "इटु चूडंडी," म्हणजे इकडं बघा, हे ती इतक्या प्रेमानं म्हणायची की नवरीची आजीसुद्धा वळून बघायची. उन्हाळ्यात पदर कमरेला खोचून, एका हातात तापलेला दिवा आणि दुसऱ्या हातात वायरीचं वेटोळं घेऊन ती उभी असायची. तिच्या उजव्या मनगटावर दिव्याचा एक चट्टा होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

एवढ्या लग्नांत ती होती आणि एकाही लग्नात ती दिसत नाही. लाईट धरणारं माणूस चित्रात आलं तर ती कॅमेरामनची चूक समजतात, आणि अप्पा तसल्या चुका करणारे नव्हते. तिचा आवाजही गेला. मिक्सिंग करताना अप्पा मूळ आवाज बंद करून वर सिनेमाची गाणी टाकायचे. गिऱ्हाइकाला गाणी पाहिजे असायची, लाईटवाल्या बाईचं "जरा सरका की" कुणाला पाहिजे होतं? आई गेली तेव्हा आमच्याकडं साधे फोन होते. फोटो थोडे आहेत. आवाज कुठंच नाही.

याचा विचार मी कधी केला नव्हता. तो अप्पांनी करायला लावला.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सोलापुरातलं प्रत्येक घर बाकी सगळं सोडून पाणी भरतं. तसंच एका पाण्याच्या दिवशी मी वर गच्चीत होते आणि अप्पा खाली मोटरपाशी. टाकी भरली, वाहायला लागली. मी वरनं ओरडले, "अप्पा, बंद करा!" ते बटणापासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. पुन्हा ओरडले. पाणी जिन्यावरनं उतरून त्यांच्या पायांपर्यंत आलं तेव्हा त्यांना कळलं. मी तणतणत खाली आले आणि त्यांचा चेहरा बघितला. कानाच्या डॉक्टरांनी डावा कान गेला म्हणून सांगितलंच होतं. उजवाही त्याच वाटेवर आहे, हे आम्हा दोघांनाही त्या जिन्यात उभं असताना कळलं.

"तुझी आई असती तर वरनं कसली वरडली असती," अप्पा म्हणाले. मग ओल्या चपला काढून कडेला ठेवत म्हणाले, "काय वरडली असती ते म्हाईत हाय मला. पण तिचा आवाज आता आठवत न्हाय बघ. शब्द येत्यात, आवाज येत न्हाय."

मी त्या दुपारी आठवून बघितलं. मलाही तिची वाक्यं आठवत होती, पण ती सगळी माझ्याच आवाजात. त्यांचा उजवा कान चालू आहे तोवर आईचा आवाज त्यांना एकदा ऐकवायचा, हे मी तेव्हाच ठरवलं. त्याच आठवड्यात मी त्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले.

गाणी टाकायच्या आधीच्या मूळ टेपा माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकांत होत्या. मूळ टेप पुसायची नाही, हा अप्पांचा नियम. बाकीचे लोक त्याच टेपेवर पुढचं लग्न घ्यायचे. अप्पा म्हणायचे, गिऱ्हाईक दहा वर्षांनी आलं आणि म्हणालं आमची कॅसेट बुरशीनं गेली, तर काय तोंड दाखवायचं? तसं कुणी फारसं आलं नाही. ट्रंका मात्र भरत गेल्या. जुन्या मोठ्या कॅसेटी, नंतरच्या काडेपेटीएवढ्या छोट्या टेपा, प्रत्येकीवर अप्पांच्या अक्षरात गाव आणि वधू-वरांची आडनावं.

त्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊन देणारा माणूस शहरात एकच सापडला, आणि तो निघाला अप्पांचा जुना स्पर्धक. तोही शूटिंगवाला. लग्नसराईत हे दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, कारण याचं गिऱ्हाईक त्यानं पळवलेलं असायचं किंवा त्याचं यानं. मी एक पिशवी भरून टेपा घेऊन गेले. त्या काकांनी लेबलवरचं अक्षर लगेच ओळखलं. "म्हाताऱ्याच्या हातात जादू व्हती बघ," ते म्हणाले. अप्पा समोर असते तर ते असं मेले तरी म्हणाले नसते.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "अगं, ह्यात वेस्ट लई हाय. कॅमेरा बंद करायचाच विसरायचा तुझा अप्पा. निस्ती फरशी दिसतीय. काढून टाकतो."

"थांबा," मी म्हटलं. "मी येऊन बघते."

पडद्यावर खरंच फरशी होती. मग पायऱ्या, मांडवाचं हिरवं कापड, कुणाच्या तरी चपला, सगळं उलटं आणि हेलकावत. शूटिंग संपल्यावर अप्पांच्या हातात कॅमेरा खाली लोंबकळत होता आणि चालूच राहिला होता. बँड थांबलेला. भांड्यांचा आवाज. आणि मग अगदी जवळून, जरा दमलेला, जरा रागावलेला आवाज आला. "अहो, जेवून घ्या की. पंगत उठाय लागली. किती येळ उपाशी फिरणार हाय तुमी?"

मी खुर्चीत बसून रडले. काका उठून बाहेर गेले आणि उगीचच शटरपाशी उभे राहिले. पुन्हा लावलं, पुन्हा रडले. माझ्या डोक्यातल्या आवाजापेक्षा तो बराच जाडा होता. आईचा आवाज घोगरा होता हे मी पार विसरले होते.

काकांनी मग मला दोन मार्ग सांगितले. सगळ्या टेपा आहेत तशा, पूर्ण, न आवळता घ्यायच्या तर त्यांचं आकारमान प्रचंड होणार, त्याला ते चार खणांचं खोकं पाहिजे. नाहीतर फक्त आईच्या आवाजाचे तुकडे काढायचे, ते खिशातल्या डिस्कवरही मावतील. उरलेली लग्नं ते आवळून छोटी करून देतील. "आन् वर लाईटचं करेक्शन करून देतो की, फुकट. कुटं जास्त कुटं कमी पडलाय तो समदा सारखा करून टाकतो. छान दिसंल."

मला हे पटलं. चार घागरी पाण्यासाठी कुणी हौद बांधतं का? मी खिशातली डिस्क विकत घेतली. टेपा काकांकडं पोचवायला लागले. अप्पांना वाटलं मी माळा साफ करतेय. "भंगारात घाल की," ते म्हणाले. "लोकांची लग्नं आपण कशाला सांभाळायची? निम्म्यांनी काडीमोड घेतला असंल."

पहिले काही तुकडे तयार झाले तेव्हा रविवार बघून मी अप्पांना टीव्हीसमोर बसवलं. कानाचं यंत्र ते कपाटात ठेवतात, ते मी काढून त्यांच्या कानात घातलं. काय आहे ते सांगितलं नाही. फरशी आली, चपला आल्या. आवाज आला. मी टीव्हीकडं न बघता अप्पांकडं बघत होते.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला. भांडी खणखणली, त्यांनी यंत्र काढून हातात घेतलं. "निस्ता खडखडाट ऐकू येतोय," म्हणाले. मी पुन्हा लावलं, मोबाईलवर घेऊन उजव्या कानाशी धरलं, पुन्हा पुन्हा लावलं. ते डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "कोण बोलतंय ते?"

"आई आहे, अप्पा."

त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणती?"

"म्हणतेय, जेवून घ्या की."

"म्हणली असंल," ते म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मला तेव्हा कुणाचा राग आला ते सांगता यायचं नाही. यंत्राचा, कानांचा, बँडवाल्यांचा, स्वतःचा. एवढं शोधून काढलं आणि उशीर झाला होता. दोन वर्षं आधी सुचलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी रिमोट शोधायला लागले. फरशीच्या तुकड्यानंतर काकांनी टेपेचा पुढचा भाग थोडा तसाच सोडला होता, तो सुरू झाला. जेवणं झाल्यावरचं शूटिंग, नवरीला ओवाळतायत. मी बंद करणार एवढ्यात अप्पांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे."

ते पुढं सरकून बसले. मला वाटलं, स्वतःचं काम बघतायत. माणूस जुनं काम बघतो तसं.

"दमलीय ती," ते म्हणाले.

"नवरी?"

"नवरी न्हवं. तुझी आई. लाईट बघ. खाली यायला लागलाय, बघ हनुवटीची सावली. आता हात बदलंल." आणि खरंच, नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड किंचित हलला, नाकाच्या एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूला गेली. "बदलला," अप्पा म्हणाले. "हात भरून आला की ती अशी मागनं वळसा घालून यायची. वायर अडकू नये म्हणून."

मी बघत राहिले. नवरीच्या करवल्या काहीतरी थट्टा करत होत्या. उजेड बारीक बारीक थरथरायला लागला.

"हसतीय," अप्पा म्हणाले, आणि स्वतःही हसले.

मी आईला फरशीवर शोधत होते, आणि ती समोर प्रत्येक चेहऱ्यावर पडलेली होती. मला ते दिसलं नसतं, पुढच्या जन्मीही नसतं. आणि तेवढ्यात मला काकांचं ते फुकटचं करेक्शन आठवलं. सगळा उजेड सारखा करून टाकतो म्हणाले होते. मी गॅलरीत जाऊन फोन लावला. "काका, कशालाच हात लावू नका. सारखं करू नका, आवळू नका, कापू नका. जसं आहे तसं पाहिजे."

"अगं, निम्म्यांचं झालं की करून," ते म्हणाले. "सुरेख दिसतंय."

"टेपा टाकल्या का?"

"टेपा कशाला टाकीन? म्हाताऱ्याच्या टेपा हायत त्या."

माझा जीव भांड्यात पडला. नंतर जाऊन मी त्यांनी केलेलं बघितलं. खरंच सुरेख होतं. नवरी सगळीकडं सारखी उजळ, मागं अंधार एकसारखा, आणि आवळल्यामुळं अंधारात जिथं उजेड विरळ होत जायला हवा तिथं पायऱ्या पायऱ्या पडलेल्या. आई कुठंच हलत नव्हती. काकांना मी कारण सांगितलं. मग त्यांनी ते सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

म्हणून मी पुन्हा त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. या वेळी अप्पा बरोबर होते. आता मला उत्तरं येत होती. चार खणांचं खोकं. डिस्का चोवीस तास चालणाऱ्या पाहिजेत, घरच्या कॉम्प्युटरमधल्या साध्या नकोत. चारही एकाच लॉटमधल्या, एकाच वेळी बनलेल्या नकोत, कारण बरोबरच्या माणसांसारख्या त्या थकतातही बरोबर. एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघींतनं तिचं सगळं पुन्हा उभं राहतं, अशी मांडणी करून द्या. वीज गेली तर सावकाश बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून बॅटरी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढ्या पैशांत नुसता साठा घेतलात तर जागा जास्त मिळेल. एका डिस्कची जागा सुरक्षेतच चाललीय."

मी अप्पांच्या कानाशी वाकून हे मोठ्यानं सांगितलं. दुकानातले सगळे आमच्याकडं बघायला लागले.

"खालचा हौद भरल्याला असला तरी वरची टाकी आपण भरतोच की," अप्पा म्हणाले. "पाणी कवा येईल काय सांगावं. ह्यो उजेड तर परत येणारच न्हाय." मग दुकानदाराला म्हणाले, "मोठ्यात मोठं दे."

त्यातही मी एक गोष्ट वाचली होती. खोक्यातल्या डिस्का एकमेकींना सांभाळतात, पण घराला आग लागली किंवा कुणी चुकून पुसलं तर चारही एकदमच जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी पाहिजे. ती विटेएवढी डिस्कही विकत घेऊन, झालं होतं तेवढं तीत उतरवून, मी करकंबला मामांकडं नेऊन दिली. मामीनं ती रुमालात बांधून कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि वर हळदीकुंकू लावलं. परत येऊन अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस. माहेराला जाऊन लई दिस झाले व्हते तिला."

टेपा येत गेल्या तसं खोकं भरत गेलं, आणि मी करकंबच्या प्रतीतही भर घालत गेले. हॉलमध्ये टीव्हीखाली त्याचे निळे दिवे लुकलुकायचे. अप्पांनी त्याचा ताबा घेतला. सकाळी उठले की आधी त्याची धूळ पुसायची. मी कौतुकानं बघत होते, तिथंच गाफील राहिले. चैत्रातल्या एका दुपारी ऑफिसमधनं आले तर जिन्यातच शेजारच्या वहिनी भेटल्या. "तुमच्या घरात कसला तरी भोंगा वाजतोय बाई केव्हाचा!" मी धावत वर गेले. दार उघडलं. कान किटतील एवढ्या मोठ्यानं खोकं ओरडत होतं. त्यावर धूळ बसू नये म्हणून अप्पांनी आमची जाड सोलापुरी चादर, तीही दुहेरी घडी करून, चारी बाजूंनी नीट खोचलेली. आणि शेजारीच खुर्चीवर ते शांतपणे शब्दकोडं सोडवत होते.

मी चादर ओढली. खोक्याला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. घाईघाईनं बंद केलं आणि मग काय करावं ते न कळून वाळ्याच्या पंख्यानं वारा घालत बसले. ओरडले नाही. चादर घालणारा माणूस सोलापूरचा, चादर सोलापूरची, कुणाला बोलणार? पण त्या कर्कश आवाजाशेजारी त्यांना तसं शांत बसलेलं बघून मला जे कळायचं ते कळलं. उजवा कानही संपला होता. आता आईनं खरंच घरात येऊन हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली नसती.

"गेली काय गं समदी?" अप्पांनी विचारलं.

संध्याकाळी खोकं गार झाल्यावर चालू केलं. चारही दिवे पुन्हा निळे लागले. आम्ही दोघांनीही देवाला हात जोडले, आणि अप्पांनी चादर स्वतःच्या हातानं कपाटात नेऊन ठेवली.

तेव्हापासून रोज जेवणं झाली की आम्ही एक लग्न बघतो. टीव्हीचा आवाज मी माझ्यापुरता ठेवते. कुठं फरशी आली की मी ऐकते, आई काय म्हणाली ते पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना दाखवते. "वायर सोडा." "नवरीची आत्या लई गुणाची हाय." "घरी पोरगी एकटी हाय, चला आता." ते वाचतात, मान हलवतात. आणि बाकीचा वेळ ते मला सांगतात. इथं ती बोटं झटकतीय. इथं तिला जांभई आली. इथं कुणीतरी तिला सरबत दिलं, बघ उजेड एका बाजूला कलला. मी शिकायचा प्रयत्न करते. हात बदललेला आता मला कळतो. हसणं अजून कळत नाही. शेजारी बसून दुसऱ्याला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं. एवढं मोठं खोकं भरून आई घरात आहे, आणि मला तिचा चेहरा एकदाही बघता येत नाही.

गेल्या आठवड्यात श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतलं एक लग्न लावलं. टेप जुनी, आईची पहिल्या वर्षातली असावी. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मुंडावळ्या बांधलेला नवरा, मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, पोरांची गर्दी. बँड जोरात वाजत होता. मध्येच पडदा एकदम पांढराफेक झाला. काही दिसेना. मला वाटलं टेप खराब झाली, म्हणून पुढं न्यायला मी रिमोट उचलला.

"थांबव," अप्पा म्हणाले.

मी चित्र थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, 'लाईट सरळ कॅमेऱ्यात आलाय.'

त्यांनी वाचलं. "म्हाईत हाय की. मिक्सिंगला पयलं हेच कापायचो मी. नवी व्हती, तिला सांगून सांगून दमलो, लाईट नवऱ्यावरनं हलवू नको." ते पडद्याकडंच बघत होते. "पर लाईट तिच्या हातात. ती जिकडं वळंल तिकडं त्यो वळणार. ती नवऱ्याकडं बघत व्हती तवा नवऱ्यावर व्हता."

"मग?" मी तोंडानंच विचारलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण कळलं असावं.

"आता माझ्याकडं बघतीय."

पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता. मी त्यात डोळे दुखेस्तोवर बघितलं. अप्पा जरा सावरून बसले, आणि डोक्यावरचे राहिलेले चार केस त्यांनी हातानं सारखे केले.